टॉकीजच्या वरचे सतरा दिवस

तुमची तेरवी काल झाली. आज सकाळी मंडपवाले सतरंज्या गुंडाळून घेऊन गेले आणि घर एकदम एवढं मोकळं झालं की मला माझ्याच चपलांचा आवाज यायला लागला. आपली वैशाली आत झोपली आहे. तेरा दिवस पोरीनं पाठ टेकली नव्हती. म्हटलं, तिला उठवू नये, आणि तोवर वही घेऊन तुमच्याशी बोलून घ्यावं. या तेरा दिवसांत तुमच्याविषयी बोलणारे पुष्कळ होते. तुमच्याशी बोलायला मला मात्र कोणी सवड दिली नाही.

तुमच्याविषयी काय बोलले, ऐकायचंय? तुम्ही तीस वर्षं टॉकीज सांभाळली. देवाधर्माचे सिनेमे लावले, बायकांसाठी वेगळे खेळ लावले, लाइट गेली तर लोकांना दुसऱ्या दिवशी त्याच तिकिटावर बसवलं. यातलं एकही कोणाला आठवलं नाही. पाचव्या दिवशी रिठदचे एक म्हातारे बसायला आले. काठी टेकवत आले, तुमच्या फोटोला हात जोडले, डोळे पुसले आणि म्हणाले, "वहिनी, भाऊनं थो रोमच्या राजाचा पिच्चर लावला होता न, आठोते? मी जीपच्या टपावर बसून आलतो पाहाले!"

खोलीतले सगळे पुरुष खाली मान घालून हसले. आणि सांगायला लाज वाटते, पदर तोंडाला लावून मीही हसले. ते गेल्यावर मला माझाच एवढा राग आला की मी आत जाऊन पाण्याचा हंडा घासत बसले. घासलेलाच होता.

त्या सिनेमाविषयी तुम्ही आणि मी कधी नीट बोललोच नाही. भांडलो मात्र. अर्धवट भांडलो, आणि ते भांडण तसंच सोडून छत्तीस वर्षं संसार केला.

वैशालीला आता ती जागा आठवत नाही. मला डोळे मिटले की दिसते. टॉकीजच्या वर, बाल्कनीला लागून आपल्या दोन खोल्या. शेठनं मॅनेजरला राहायला दिलेल्या. एका भिंतीपलीकडे बाल्कनीची शेवटची रांग. भिंतीत एक बुटकं दार, बाल्कनीतून ऑपरेटरच्या केबिनकडे जायला. त्याला आपल्या बाजूनं कडी. खाली उतरायला एकच जिना, आणि तो उतरायचा थेट बुकिंगच्या खिडकीसमोर. लग्न होऊन आले तेव्हा मला ते सगळं मोठं गमतीचं वाटलं होतं. माझं माहेर कामरगावचं. तिथं सिनेमा पाहायचा म्हणजे कारंज्याला जायचं. आणि इथं तर मी सिनेमाच्या माडीवर राहायला आले!

तुम्ही माझे लाडही तसे केले. मी मुलींच्या शाळेत शिकवायची. एकदा तिथं पालकसभा लांबली आणि मला यायला उशीर झाला. बाल्कनीच्या कोपऱ्यातली माझी खुर्ची रिकामी पाहून तुम्ही इंटरव्हल वाढवलात. लोक खाली खुर्च्या आपटत होते, शिट्ट्या मारत होते. मी धापा टाकत वर आले तेव्हा तुम्ही दारात कागदात बांधलेले आलुबोंडे घेऊन उभे होता. म्हणालात, "बस लवकर. पब्लिक मले मारन आता." अख्खी टॉकीज माझ्यासाठी थांबली होती. असं कोणाच्या नवऱ्यानं केलं असेल? मी हे विसरले नाही. पुढचं लिहिताना हे लिहून ठेवते, कारण पुढचं मी रागात लिहिणार आहे.

मग घरोघर व्हिडिओ आले. बायका टॉकीजला यायच्या बंद झाल्या, नंतर पुरुषही. शेठ अकोल्याला बसून सिनेमाच्या रिळांच्या पेट्या पाठवायचा. इथं काय लागणार ते तोच ठरवायचा. एका गुरुवारी ती पेटी आली. इंग्रजी सिनेमा, रोमच्या कोण्या एका नासलेल्या बादशहाचा. परदेशातही त्याच्यावरून मोठा गोंधळ झाला होता, कोर्टकचेऱ्या झाल्या होत्या, असं तुम्हीच मला सांगितलं. कापून कापून त्याचा अर्धाच भाग उरला होता म्हणे. पण लोकांना काय कापलं यातच जास्त गोडी.

त्याच दिवशी पेंटरनं कापडावर तो बादशहा रंगवून आणला. डोक्यावर सोन्याच्या पानांचा मुकुट, अर्धवट मिटलेले डोळे आणि पायाशी बायका. तुम्ही बायकांच्या अंगावर काळे पट्टे मारायला लावले. तुम्हाला वाटलं, झाकलं. त्या पट्ट्यांमुळे लोक जास्तच थांबून पाहू लागले. आणि तो बॅनर बांबूला बांधला तो नेमका आपल्या स्वयंपाकखोलीच्या खिडकीवर. भरदिवसा खोलीत पिवळसर अंधार झाला. कापडाच्या मागून उन्हात रंग दिसायचे, सगळे उलटे. मी म्हटलं, "खिडकी तं मोकळी ठेवा." तुम्ही म्हणालात, "दुसरीकडं जागा नाई. चार दिवसाची गोष्ट हाय."

ते चार दिवस सतरा झाले.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखी शाळेत जायला निघाले. खाली गर्दी एवढी की जिन्याची शेवटची पायरी दिसत नव्हती. रिसोडकडून, मालेगावकडून माणसं आली होती, जीप रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. मी हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन उतरत होते. चार पायऱ्या राहिल्या असतील, तेवढ्यात खालून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "पिच्चर कायले पाहाचा रे? हिरोईन तं वरूनच उतरून राह्यली!"

सगळे हसले. दीडदोनशे माणसं एकदम हसली की त्याचा आवाज कसा येतो हे मला त्या दिवशी कळलं. तो आवाज अंगाला लागतो.

तुम्ही खिडकीपाशी उभे होता. हातात तिकिटांचं बुक होतं. माझ्यापासून दहा हातांवर. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही त्या बुकाकडे पाहत राहिलात आणि एकेक तिकीट फाडत राहिलात. मान वर केली नाहीत.

मी माघारी वळले आणि जिना चढून वर आले.

दुपारी जेवायला आलात तेव्हा मी काही बोलले नाही; वाटलं, तुम्ही बोलाल. तुम्ही म्हणालात, "वरण चांगलं झालं." मग मला वाटलं, खरंच ऐकलं नसेल का? गर्दीत ऐकू गेलं नसेल. त्या एका शंकेवर मी किती वर्षं काढली, तुम्हाला माहीत नाही.

शनिवारी शाळेचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. मोठ्या बाईंचं अक्षर. मुलींच्या पालकांमध्ये चर्चा चालू आहे, मुलींच्या शाळेतली शिक्षिका अशा ठिकाणाहून ये-जा करते हे संस्थेच्या अध्यक्षसाहेबांना योग्य वाटत नाही, तरी सदर चित्रपट जाईपर्यंत आपण रजेवर राहावं. 'अशा ठिकाणाहून.' ते माझं घर होतं.

वैशाली पाच वर्षांची होती. माझा भाऊ आला आणि तिला कामरगावला घेऊन गेला. मलाही चल म्हणाला. मी म्हटलं, यांच्या जेवणाचं कसं होईल? आता वाटतं, जेवणाचं निमित्त होतं. मी गेले असते तर गावानं म्हटलं असतं, पळाली. आणि राहिले तर खाली उतरता येत नव्हतं. नळ खाली, तर पाणी तुम्ही भरून आणायचात. भाजी तुम्ही आणायचात. कपडे मी खोलीतच दोरीवर वाळत घालायची; ते ओलसरच राहायचे आणि त्यांना बिडीचा वास यायचा. दोन खोल्या, त्यातली एक अंधारी. मी बावीस पावलांत अख्खं घर फिरायची.

आणि भिंतीतून तो सिनेमा यायचा. दिवसातून चार वेळा.

आधी कर्णे वाजायचे. मग घोडे, मग गर्दीचा जयजयकार. एका माणसाचं हसू होतं, बारीक, ओढलेलं. तोच बादशहा असणार हे मला न पाहता कळलं. मधेच सिनेमा कापलेला असेल तिथं पब्लिक ओरडायचं, शिव्या द्यायचं, खुर्च्या आपटायचं. मग ताटवाट्यांचे आवाज, पुष्कळ माणसं जेवायला बसल्यासारखे. आणि मग इंटरव्हलच्या थोडं आधी एक बाई रडायची. मागे वाजंत्री नाही, दुसऱ्या कोणाचा आवाज नाही. नुसतं रडणं. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून आपण तोंड दाबून रडतो ना, तसं. त्या रडण्यावर दर खेळाला कोणीतरी शिट्टी मारायचं.

दोनचार दिवसांत माझं घड्याळ तेच झालं. कर्णे वाजले की वरण टाकायचं. ती रडली की कणीक भिजवायची. एका दुपारी माझ्या लक्षात आलं, कणीक मळता मळता मी तिच्यासाठी थांबले होते. आज अजून रडली कशी नाही?

तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी विचारलं, "थे बाई काहून रडते?"

"कोण बाई?"

"पिच्चरमधली. इंटरव्हलच्या आधी."

"मले काय माहीत? मी पिच्चर नाई पाह्यला."

"मॅनेजर असून नाई पाह्यला?"

"मी गेटवर राह्यतो. आन् मी नाई लावला थो, शेठनं लावला."

"शेठ अकोल्यात हाय. इथं कोण हाय?"

तुम्ही घास तसाच धरून म्हणालात, "तुले काय कराचं हाय त्या बाईचं? बायकाईनं पाहासारखा नाई थो."

"बायकाईनं काम करासारखा हाय न? आन् बायकाईनं भिंतीमांगून आयकासारखा हाय!"

तुम्ही ताटावरून उठलात. हात धुतलात आणि खाली गेलात. अर्धी भाकर ताटात राहिली. आपलं भांडण तिथं थांबलं ते थांबलंच. तुम्हाला उठून जायला जिना होता. मला नव्हता.

आता जे लिहिते ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

तेरावा दिवस. बुधवार होता, मॅटिनीला गर्दी कमी होती. ताटवाट्यांचे आवाज सुरू झाले आणि माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी हात पुसले, त्या बुटक्या दाराची कडी काढली आणि वाकून बाल्कनीत गेले. शेवटच्या रांगेच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. अंधार, घामाचा आणि बिड्यांचा वास. पायाखाली शेंगांची टरफलं. सगळ्या टॉकीजमध्ये मी एकटी बाई. पण खरं सांगू? त्या दोन खोल्यांपेक्षा तिथं मला श्वास मोकळा आला.

पडदा पाहिला. चित्र झिजलेलं, त्यावर पावसासारख्या रेघा. मोठी जेवणावळ बसली होती. बादशहा एका पाहुण्याच्या पंक्तीपाशी येऊन थांबला. पाहुण्याची बायको शेजारीच बसलेली. बादशहानं तिला बोटानं ऊठ म्हणून खुणावलं. ती नवऱ्याकडे पाहू लागली. मग तिला आतल्या दालनात नेलं. तिथं सिनेमा कापलेला होता. एकदम खटका बसला आणि ती परत येऊन बसलेलीच दिसली. बादशहा सगळ्यांसमोर तिच्याविषयी काहीतरी बोलत होता आणि पंगतीतले सगळे हसत होते. ती रडत होती, तोंड दाबून. आणि तिचा नवरा ताटात पाहत होता. तो जेवत होता हो! एकेक घास उचलून तोंडात घालत होता. मान वर करत नव्हता.

मी तिच्याकडे पाहायला गेले होते. पाहत राहिले त्याच्याकडे. म्हणून ती काहून रडते हे मला त्या बुधवारीच कळलं होतं. पुढं कितीदा तरी मी तुम्हाला तेच विचारलं, आणि तुम्ही 'मी नाई पाह्यला' म्हणालात. मला उत्तर नको होतं. तुम्ही ते सांगता का, हे पाहायचं होतं.

तेवढ्यात पडद्यावर उजेड वाढला. माझ्यापुढे हातभर अंतरावर, शेवटच्या रांगेत, एक माणूस डोक्याला आणि अर्ध्या तोंडाला टॉवेल गुंडाळून बसला होता. त्यानं वळून पाहिलं. सोनेरी काड्यांचा चष्मा. आमच्या संस्थेचे अध्यक्षसाहेब!

क्षणभर ते उठायला लागले, वर्गात तपासणीला आले की अर्धवट वाकून नमस्कार घ्यायचे तसे. टॉवेल घसरला. पुटपुटले, "बाई... तुम्ही इथं?"

मी म्हटलं, "मी इथंच राहते, साहेब. तुम्ही?"

त्यांनी टॉवेल पुन्हा तोंडावर ओढला. मी परत वाकून दारातून आत आले, कडी लावली आणि स्वयंपाकखोलीत जमिनीवर बसून हसले. किती दिवसांनी हसले होते! हसता हसताच रडायला आलं, ते वेगळं.

गुरुवारी संध्याकाळी शिपाई आला. रजा संपवून उद्यापासून हजर व्हावं. आणि पाठोपाठ तुम्ही दोन दोन पायऱ्या गाळत वर आलात, इतके खूश की मला वाटलं, सिनेमा उतरला. "जाय उद्यापासून शाळेत," तुम्ही म्हणालात. "मी शब्द टाकला होता. रविवारी गेलतो अध्यक्षसायबाच्या घरी. हात जोडून उभा राह्यलो अर्धा घंटा. मानूस चांगला हाय, आयकलं त्यानं."

तुम्ही खरंच गेला होता. नंतर मोठ्या बाईंनीही मला सांगितलं, तुमचे मिस्टर साहेबांच्या ओट्यावर उन्हात उभे होते, त्यांना बस म्हणूनही कोणी म्हटलं नाही. कोणाच्या शब्दानं काम झालं, तुमच्या की माझ्या, देव जाणे. मी तुम्हाला काहीच सांगितलं नाही. तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला पुसायचं नव्हतं. आणि थोडं असंही होतं, की ते मला माझ्यापाशी ठेवायचं होतं. त्या सतरा दिवसांत माझं म्हणावं असं तेवढंच मला मिळालं होतं.

शुक्रवारी मी जिना उतरले. गर्दी होतीच. कोणी काही म्हटलं की नाही, मला आठवत नाही. माझी मान ताठ होती आणि कान नुसते वाजत होते. तुम्ही खिडकीपाशी नव्हता. मुद्दाम आत गेला होता का? दोन दिवसांनी सिनेमा उतरला, बॅनर काढला, खोलीत ऊन आलं. मग केबल टीव्ही आला, टॉकीज बंद पडली, आपण स्टेशनच्या बाजूला हे घर बांधलं. जुन्या जागी आता मंगल कार्यालय आहे. मागच्या वर्षी तिथल्या एका लग्नाला गेलो, तर तुम्ही जिथं खिडकी होती तिथं जाऊन उभे राहिलात. मी हाक मारली तरी बराच वेळ हलला नाहीत.

दिवाळीनंतर तुम्हाला लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. एकेक शब्द विहिरीतून काढावा तसा काढायचात. मग तुम्ही त्या पलंगावर आणि मी त्या पलंगाच्या काठावर. चार महिने मी पुन्हा खाली उतरले नाही म्हणायला हरकत नाही. सकाळी पुसणं, औषध, भरवणं, कूस बदलणं, पुन्हा भरवणं. बायका म्हणायच्या, किती करते नवऱ्याचं! मी कुठं जाणार होते? कधी कधी तुम्ही झोपलात की मी दारापर्यंत जाऊन परत यायची. पुन्हा पावलं मोजायला लागले होते.

त्या सकाळी मी मऊ भात भरवत होते. तुम्ही तोंड फिरवलंत. वाटलं, नको असेल. तुम्ही म्हणालात, "मी... पाह्यला होता."

"काय?"

"थो... पिच्चर. पह्यल्याच खेयाले."

मी चमचा खाली ठेवला.

"थे बाई..." तुम्ही म्हणालात. तुमचे ओठ हलत होते. "तिचा नवरा... खाली..." डाव्या हातानं तुम्ही वाटीकडे बोट केलंत. मला समजलं. तुम्ही अजून काहीतरी ओढून काढत होता. कपाळावर घाम आला होता. "त्या दिवशी. जिन्यावर. तुले... बोल्ला थो. मी... आयकलं होतं."

या तीन शब्दांची मी छत्तीस वर्षं वाट पाहिली होती. मला वाटायचं, ज्या दिवशी तुम्ही हे म्हणाल त्या दिवशी मी रडेन, तुमचं डोकं मांडीवर घेईन, सगळं धुऊन जाईल. तसं काही झालं नाही. मला राग आला. एवढा, की माझाच आवाज मला अनोळखी वाटला. लकवा झालेल्या माणसावर मी ओरडले.

"मंग काहून नाई बोल्ले?"

तुम्ही डोळे मिटलेत. "भेव."

"कायचं भेव?"

"सारे... हासून राह्यले होते."

मी तुमचं तोंड पुसलं, उशी सारखी केली, राहिलेला भात भरवला. तुम्ही सगळा खाल्लात. कितीतरी दिवसांनी वाटी रिकामी झाली. दुपारी तुम्ही शांत झोपलात आणि मी पलंगाच्या काठावर बसून विचार केला, उद्या यांना बाल्कनीची गोष्ट सांगू. टॉवेल, चष्मा, सगळं. हसतील. पण दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. राग उतरू दे म्हटलं, मग सांगू. माणसाला वाटतं, दिवस पडले आहेत.

आठव्या दिवशी तुमचा श्वास बिघडला. डॉक्टर येऊन पाहून गेले. म्हणाले, अकोल्याला हलवायचं तर हलवा, पण फार काही होईल असं नाही. दुपारी तुमचा पुतण्या गजानन आला, सोबत आणखी दोघंतिघं आले. सगळे तुमच्या पलंगाभोवती उभे राहून ठरवत होते. गाडी कोणाची, कोणत्या दवाखान्यात कोणाची ओळख. मी म्हटलं, "त्यांना आता कुठं नेऊ नका. इथंच राहू द्या."

गजानन हसला. वाईट पोरगा नाही तो, घाईत होता. म्हणाला, "काकूले काय समजते यातलं? काकू, तुमी च्या ठेवा आमाले, आमी पाह्यतो." बाकीचेही हसले. मी आत जायला वळले. खरंच वळले होते. गॅस पेटवायला.

मागून धाडकन आवाज आला. तुम्ही डाव्या हातानं स्टीलचा ग्लास पलंगाच्या दांड्यावर आपटला होता. पाणी सगळ्या चादरीवर सांडलं होतं. तोंड वाकडं झालं होतं, डोळे मोठे झाले होते. पुन्हा आपटलात.

"गज्या."

हातातला मोबाइल तसाच धरून गजानन वळला.

"तिले... इचार."

त्यानंतर तुम्ही नीट असं काही बोलला नाहीत. घरघर लागली होती. पण ते दोन शब्द स्वच्छ होते. सकाळीच येऊन पोहोचलेल्या वैशालीनंही स्वयंपाकखोलीतून ऐकले. गजाननचा चेहरा उतरला. त्यानं मोबाइल खिशात घातला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि लहान मुलासारखा म्हणाला, "सांगा काकू. काय कराचं?"

मी सांगितलं. तुम्ही इथंच राहिलात, तुमच्या पलंगावर, आणि चौथ्या दिवशी पहाटे माझा हात धरून गेलात.

त्या दुपारचं मला फार काही आठवत नाही. चादर बदलली, ओली गादी उलटी केली, तुम्हाला कुशीवर वळवलं. तुम्ही माझ्याकडे पाहत होता. शाबासकीची वाट पाहावी तसं. मी तुमच्या कपाळावरून हात फिरवला. तेव्हा तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं, कारण ते मरणाऱ्या माणसाला विचारायचं नसतं. आज विचारते. रागानं नाही. थोड्या रागानं.

इतकं सोपं होतं का हो ते?